माशाशिवाय चिप्स नाहीत!

मोठी क्रीडास्पर्धा भरवली की प्रेक्षक आपोआप धावू लागतो, या समजुतीला धोरणकर्त्यांच्या परिभाषेत ‘प्रात्यक्षिक-परिणाम’ म्हणतात; पडद्यावरच्या खेळाडूला घाम फुटला की सोफ्यावरच्याची चरबी झडते, असा तिचा ढोबळ अर्थ. लंडनने २००५मध्ये २०१२चे ऑलिम्पिक पदरात पाडून घेताना तरुणांना खेळाकडे वळवण्याची ग्वाही दिली आणि २००८मध्ये ब्रिटिश सरकारने आणखी २० लाख लोकांना हालते-चालते करण्याचे लक्ष्यच जाहीर केले. मोठ्या स्पर्धांमुळे यजमान जनतेची प्रकृती सुधारते याला पुरेसा पुरावा नाही, असे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील आढाव्याने २०१०मध्ये सांगितले खरे, परंतु आढावे वाचण्यासाठी बसावे लागते आणि सरकार तर लोकांना उठवायला निघालेले होते. पुढे सत्ताबदल झाला, ज्योत पेटण्यापूर्वीच ते लक्ष्य गुपचूप सोडून देण्यात आले, आणि लक्ष्यच उरले नाही म्हटल्यावर ते हुकण्याची धास्तीही मिटली. याच नव्या सरकारने शालेय क्रीडा-भागीदारीचे, म्हणजे शाळांना खेळासाठी एकमेकींशी जोडणाऱ्या योजनेचे, १६.२ कोटी पौंडांचे राखीव अनुदान बंद करण्याचे ठरवले, ओरड होताच त्यातले थोडे परत दिले, आणि स्पर्धेवर ‘एका पिढीला प्रेरणा द्या’ हे घोषवाक्य झळकले. अनुदानापेक्षा प्रेरणा स्वस्त पडते, हे कोणताही खजिनदार जाणतो.

आहाराची बाजू मात्र चोख सांभाळली गेली. मुख्य प्रायोजकांत कोका-कोला आणि मॅकडोनाल्ड्स असल्याने ऑलिम्पिक उद्यानात दीड हजार आसनांचे बर्गरगृह उभे राहिले, आणि चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी, विकण्याचा हक्क त्याच कंपनीकडे राखून ठेवण्यात आला. अपवाद एकच होता: सोबत तळलेला मासा असेल, तर इतर विक्रेत्यांनाही चिप्स देता येत. त्यामुळे उद्घाटनाच्या तयारीत राबणाऱ्या कामगारांना, नुसत्या चिप्स मागू नयेत आणि वाढणाऱ्यांशी हुज्जत घालू नये, अशी सूचना उपाहारगृहात लावलेली आढळली. राष्ट्राच्या आरोग्याचे नियमन इतक्या बारकाईने क्वचितच झाले असेल.

जिथे उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.६३ सेकंदांत कापले, ते स्टेडियम २०१६पासून वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचे मैदान आहे. फुटबॉलच्या हंगामात त्या धावपट्टीवर सरकत्या खुर्च्या आणल्या जातात आणि प्रेक्षक त्यांवर बसतात.