एका सुताचा फरक

यवतमाळ जिल्ह्यात ‘सूत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला कापसाशी निगडित असल्याने सर्वांना ठाऊक आहे. दुसरा सुतार, गवंडी आणि गाड्यांचे डेंटिंग करणारे मिस्त्री यांच्या बोलण्यात आढळतो आणि त्यानुसार सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात तीन मिलिमीटरहून किंचित अधिक. प्रस्तुत व्यक्तिचित्राचा नायक जगतो तो या दुसऱ्या सुतासाठी, आणि खर्च करतो तो पहिल्या सुताच्या पैशातून.

सोयीसाठी त्याला येथे ‘फटनिरीक्षक’ म्हटले आहे. वय तिशी-पस्तिशीचे, वडिलोपार्जित शेती दारव्हा, घाटंजी किंवा उमरखेडच्या बाजूस, मुक्काम यवतमाळ शहरात, आणि दारात बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा दिवस विशेष बरे असल्यास थार. कारखान्यातून आली तशीच गाडी रस्त्यावर आणणे हे त्याला घरच्या बनियनवर वरातीत जाण्यासारखे वाटत असल्याने, तो चाकांवरच्या कमानींना बाहेरून रुंद काळ्या पट्ट्या बसवून घेतो. बाजारात त्यांना ‘फेंडर फ्लेअर’ म्हणतात. टायर रुंद घातले की ते गाडीच्या अंगाबाहेर येऊन चिखल आणि खडे उडवू लागतात, ते अडवण्यासाठी कमान बाहेर वाढवावी, हा या पट्टीचा मूळ हेतू होय; पावसाळ्यात काळ्या रानातली पायवाट तुडवून चपलेचे वजन किलोभर वाढवून घेतलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. फटनिरीक्षकाच्या गाडीचे टायर मात्र कंपनीचेच, मर्यादशील आणि अंगाबरोबर बसलेले असतात, त्यामुळे त्याच्या पट्टीचे नाते छत्रीपेक्षा फेट्याशी अधिक जवळचे ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधिक कडक शब्दांत सांगितले, याची त्याला कल्पना नसते असे नाही; पण पट्टीमुळे वाढलेली रुंदी नोंदणीच्या कागदाशी जुळते का, हा प्रश्न त्याला कधी पडत नाही, कारण त्याच्या मनात रुंदीची एकच बाब शिल्लक उरलेली असते आणि ती म्हणजे फटीची.

पट्ट्या बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडीसमोर उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो आणि खिशातून काडेपेटी काढतो. उजव्या कमानीवर पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये पोस्टकार्ड कसेबसे शिरते, डाव्या कमानीच्या पुढच्या टोकाशी मात्र आगकाडी गुलासकट आत जाऊन वर हलतेही. त्या क्षणापासून त्याचा संसार डाव्या बाजूला कलतो. दिग्रसच्या लग्नात तो मंडपाकडे पाठ करून बसतो, कारण समोर गाडी उभी असते, आणि जी फट कोणाच्या बापाला दिसली नसती ती तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट घालून दाखवतो, व पाहणाऱ्याने “कुठं काय हाय?” असे विचारल्यास त्या माणसाच्या नजरेविषयीच नव्हे तर एकंदर चारित्र्याविषयी शंका घेतो. याच गृहस्थाच्या स्वयंपाकघराचे दार तीन पावसाळे नीट लागत नाही आणि त्याबद्दल घरातून विचारणा झाली असता, लाकूड फुगणारच, असे तो शांतपणे सांगतो.

लाकडाला दिलेली ही सवलत प्लास्टिकला नाकारणे हीच त्याच्या विचारसरणीतील मूलभूत विसंगती होय. बहुतेक पट्ट्या एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकच्या असतात आणि हे प्लास्टिक उष्णतेने पोलादाच्या सहा-सात पट प्रसरण पावते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर एक मीटर लांबीची पट्टी सुमारे तीन मिलिमीटर वाढते, तर तिच्यामागचा पत्रा अर्धा मिलिमीटर. यवतमाळात डिसेंबरच्या पहाटेचा गारठा आणि मेच्या दुपारी उन्हात उभ्या काळ्या पट्टीचे अंग यांत एवढे अंतर सहज पडते, म्हणजे साधारण एका सुताची वाढघट निसर्गाने स्वतःकडे राखून ठेवलेली आहे. फटनिरीक्षक मोजमाप करतो ते नेमके मेमध्ये, भर दुपारी.

अर्थात सगळा दोष सूर्याचा नसतो. स्वस्त पट्टी साच्यातूनच वेडीवाकडी निघते, दिल्लीच्या करोल बागेपासून ट्रकमध्ये इतर मालाखाली दबून आली तर आणखी मुरडते, आणि दुकानातल्या पोऱ्याने एका टोकाचा स्क्रू आधी करकचून आवळला तर उरलेली सगळी ओढ दुसऱ्या टोकाला फुगवटा होऊन बाहेर पडते. म्हणूनच आर्णी रोडवरचा जाणता मिस्त्री सगळे स्क्रू काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. नव्या दुहेरी चिकटपट्टीचा कागद न सोलता तो पट्टी नुसती टेकवून पाहतो, कमानीचा माथा आधी धरतो, तिथून एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे असे स्क्रू अर्धवट फिरवत खाली उतरतो आणि शेवटचा पीळ सर्वांना मिळूनच देतो. पट्टीला पुढेमागे सरकायला वाव राहावा म्हणून तिची भोके तो लांबट करून घेतो. मुरडलेल्या जागी हीट गनचा गरम वारा हात हलता ठेवून देतो, कारण एकाच जागी धरला की प्लास्टिकला फोड येतात आणि मग ते कोणालाच बसवता येत नाहीत. दुहेरी चिकटपट्टीला पूर्ण पकड घ्यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नये, असेही तो बजावतो. फटनिरीक्षक गाडी त्याच संध्याकाळी धुतो.

इतके होऊनही डावीकडची आगकाडी जेव्हा पूर्वीइतक्याच मोकळेपणाने आत जाते, तेव्हा मिस्त्री पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो. उजवीकडून टणक आवाज येतो, डावीकडून मातीच्या मडक्यासारखा बद्द. चार वर्षांपूर्वीच्या हंगामात जिनिंगच्या फाटकाला ही बाजू घासली होती आणि ती पुट्टी भरून गुळगुळीत केली होती, हे तिघांनाच ठाऊक असते: गाडीला, फाटकाला आणि गाडीच्या मालकाला.

“पट्टी सरळच हाय, भाऊ,” मिस्त्री म्हणतो, “गाडी वाकडी हाय.”

भर मांडवात नवऱ्या मुलाच्या शिक्षणाचा खरा आकडा कोणीतरी बोलून जावा, तशी शांतता यानंतर पसरते. पुट्टी खरवडून पत्रा ठोकून घ्यावा, हा शास्त्रशुद्ध उपाय. त्याला चार दिवस, नवा रंग आणि फाटकाची जाहीर कबुली लागते, म्हणून तो मागे पडतो. मिस्त्री थोडा वेळ दोन्ही कमानींकडे आळीपाळीने पाहतो, डब्यातून रबराचे पातळ वायसर काढतो आणि उजव्या, म्हणजे निर्दोष, पट्टीच्या पुढच्या टोकामागे ते एकावर एक घालू लागतो. तिसऱ्या वायसरला उजवीकडेही एका सुताची फट तयार होते.

फटनिरीक्षक उकिडवा बसतो. काडी डावीकडे घालतो, उजवीकडे घालतो, पुन्हा डावीकडे घालतो. दोन्हीकडे ती सारखीच जाते. तो उठतो, गुडघे झटकतो, घासाघीस न करता पैसे मोजतो आणि काडी मिस्त्रीच्या हातावर ठेवतो. मिस्त्री ती पेटीच्या कडेला ओढून बिडी पेटवतो.