मान खाली घालून वाढणारा हेमलॉक

अमेरिकेत नवं घर घेतलेला मराठी माणूस अंगणातल्या प्रत्येक सदाहरित झाडाला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतो आणि मोकळा होतो. पेनसिल्व्हेनियाने १९३१ साली राज्यवृक्षाचा मान दिलेला ईस्टर्न हेमलॉकही या बारशातून सुटत नाही.

खरं तर त्याला ओळखणं सोपं आहे. फक्त फांदी हातात धरून डोळ्यांजवळ न्यावी लागते, आणि नेमकं तेव्हाच शेजारीण खिडकीत येते. पाइनची पानं जुडीने येतात, स्प्रूसची बोटाला टोचतात. हेमलॉकची सुटी, चपटी, मऊ, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची. उलटून पाहिल्यास खाली दोन पांढऱ्या रेघा. काही चुकार पानं तर डहाळीवर उताणीच पडलेली असतात. शेंडा लवलेला. तीस मीटर उंचीच्या या झाडाचे शंकू मात्र सुपारीएवढे!

सॉक्रेटिस आठवून कुणी लगेच कुऱ्हाड शोधू नये. त्याला पाजलं ते हेमलॉक गाजराच्या कुळातलं रोप. हे झाड विषारी नाही.

लावायचं तर ओलसर, पाण्याचा निचरा होणारी, आम्लधर्मी माती आणि सावली हवी. मुळं उथळ, म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन. हरणांना कोवळे शेंडे भारी आवडतात, तेव्हा जाळी आधी आणि कौतुक मागाहून. घाई मात्र याच्या स्वभावात नाही. दाट जंगलात इंचभर जाडीचं ‘रोपटं’ शंभर वर्षांचं असू शकतं.

खरा वैरी म्हणजे वूली अडेल्जिड. जपानहून आलेली ही कीड पूर्व अमेरिकेत १९५१ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ प्रथम नोंदली गेली. पानांच्या बुडाशी कापसाचे पांढरे ठिपके दिसले की समजावं, बाई आल्या. बाईच, कारण तिथे या किडीत नर नसतातच. प्रजा नराविना वाढते. अशा आजारी झाडाला मायेने नत्रखत घातलं, तर अंगावर मांस किडीच्याच चढतं! तिची पिल्लं पाखरांच्या पायांना चिकटून प्रवास करतात, म्हणून उन्हाळ्यात या झाडाला दाण्याची भांडी टांगायची नाहीत. औषध मुळाशी देता येतं, पण झाडात रस वाहता असेपर्यंतच.

इतकं सांभाळलं तर हेमलॉक आठशे वर्षंही उभा राहतो. दोन वर्षांत शेजाऱ्याचं अंगण नजरेआड करायचं असेल, तर मात्र सरळ लाकडी कुंपण घालावं.