‘संग्रह उत्तम, सहकार्य लाभले’

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हैस घ्यायला आलेला माणूस बघा. आधी तोंड उघडून दात बघतो. मग कास चाचपतो, चारही सड पिळून पाहतो, कितव्या वेताची आहे ते तीनदा विचारतो, चार पावलं चालवून घेतो. विकणारा म्हणतो, “गरीब आहे हो, पोरानं बसून धार काढावी.” घेणारा नुसता हसतो.

हाच माणूस वाचनालयात पुस्तक परत करायला येतो. ग्रंथपाल विचारतात, “कसं होतं?”

“छान आहे.”

साडेतीनशे पानं, आणि एकही सड पिळून पाहिलेला नाही!

तशी प्रत्येक वाचनालयात अभिप्राय वही असते. पण ती वाचकांसाठी नाही, पाहुण्यांसाठी. झेंडावंदन उरकून आलेले मान्यवर तीत लिहितात, ‘ग्रंथसंपदा समृद्ध आहे. सहकार्य लाभले.’ पेन सचिव देतात. मजकूरही बहुधा तेच सांगतात. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे मात्र चहा झाल्यावर आठवतं.

खरा अभिप्राय हवा असेल तर पुस्तकाचा समास बघा. आतल्या पानावर ‘पुस्तकावर काहीही लिहू नये’ असा शिक्का असतो, त्याच्याच खाली सुरुवात झालेली असते. रहस्यकथेच्या बाराव्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘खुनी डॉक्टर आहे.’ खाली दुसरं अक्षर, ‘नाही, त्याची बायको.’ त्याखाली तिसरं, ‘गप वाचा.’ शेवटचं पान फाडलेलं. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

आमचे समीक्षक इतकं स्पष्ट कधी लिहिणार? ते ‘लक्षणीय’ लिहून सटकतात.

पाककृतींचे वाचक तर पेन्सिलही वापरत नाहीत. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 सालची. वाचनालयातली कुठलीही जुनी प्रत काढा. ज्या पानावर हळदीचं बोट उमटलंय, तो पदार्थ करून पाहिला. ज्या पानाला तेल लागून ते आरपार दिसतंय, तो पुन्हा पुन्हा केला. कोरं पान म्हणजे नुसतं वाचून सोडलं. आणि जे पान मुळात जागेवरच नाही?

तो फारच जमला.

दिवाळी अंकांचं वेगळं. 1909 मध्ये ‘मनोरंजन’नं ही सवय लावली, ती अजून सुटलेली नाही. अंक आले की वाचनालयात झुंबड. आधी राशिभविष्य, मग व्यंगचित्रं, मग जाहिराती. परत करताना मत ठाम असतं, “यंदा अंक कमी वाटला.” कशावरून? “पातळ आहे ना!”

‘छावा’ कादंबरी चार दशकांहून जास्त काळ कपाटात आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये पिक्चर आला आणि लोकांना तिची आठवण झाली. काहींनी ती खरंच पुरी वाचली, त्यांना नमस्कार. बाकीच्यांची तक्रार एकच, “पिक्चरमध्ये असं नाही दाखवलं.”

म्हणजे चूक शिवाजी सावंतांची.

सरकारला तरी वाचकाचं मत हवंय का? 1967 चा ग्रंथालय कायदा आहे. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. पुस्तकं किती, सभासद किती, वृत्तपत्रं किती, सगळं मोजतात. 2012 साली तर महसूल खात्याची माणसं राज्यभर वाचनालयं तपासत फिरली. काही ठिकाणी फक्त पाटी सापडली, काही ठिकाणी तीही नाही. पुढे 2022 च्या अखेरीस अनुदानात साठ टक्के वाढ जाहीर झाली. चांगलंच झालं, ग्रंथपालाचा पगार कुणाला सांगण्यासारखा नव्हता. पण एवढ्या मोजदादीत एक प्रश्न कुठल्याच रकान्यात नाही: हे पुस्तक कुणाला आवडलं का हो?

उत्तर मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीत असतं. कुणाच्या तरी गौरवग्रंथाची चिठ्ठी बघा. कोरी करकरीत! ज्यांचा गौरव, त्यांनीही नेलेला नाही.

2025 च्या जानेवारीत राज्यात वाचनाचा पंधरवडा झाला. ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’. त्यात पुस्तक परीक्षणाची स्पर्धाही होती. कल्पना उत्तम. पण आपली पोरं हुशार, परीक्षणं मलपृष्ठावरून उतरली. मलपृष्ठ प्रकाशकानं लिहिलेलं. म्हणजे पहिला नंबर आला कुणाचा?

पोरांना कशाला बोला? खरं मत दिलं की राग येतो, हे त्यांनी मोठ्यांकडे बघूनच ओळखलंय.

आणि घोडेगावचा हा तालुका कुठला? नेवाशाचा. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 ला, इथंच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यातले श्रोते नुसते माना डोलवत बसलेले नाहीत. व्याख्यान पाल्हाळात गेलं की ते मध्येच म्हणतात, हे राहू द्या, मूळ विषयाकडे या. माउलींनी राग धरला नाही. उलट ते बोलणं ग्रंथातच नोंदवून ठेवलं.

आज एखाद्या कवीला त्याच्याच प्रकाशन समारंभात हे सांगून बघा. चहा मिळाला तर कळवा.

पुढच्या काळातले वाचक मात्र फारच मोकळे निघाले. ते समासात थांबले नाहीत, थेट मजकुरात घुसले. नकला करता करता आपल्याही ओव्या घालू लागले. शेवटी 1584 मध्ये शेजारच्या पैठणच्या एकनाथांना बसून पोथी शुद्ध करावी लागली. वर ताकीदही द्यावी लागली की, बाबांनो, यापुढं यात आपली ओवी घुसडू नका.

तेव्हा लोकांना मत नव्हतं असं नाही. जागा नव्हती. आजही नाही.

मग द्या ना जागा! देवघेवीच्या टेबलावर दोरीनं पेन बांधलेली एक साधी वही ठेवा. ‘आपला बहुमोल अभिप्राय’ वगैरे काही छापू नका. रकाने दोनच: पुस्तकाचं नाव, आणि कुठल्या पानावर सोडलं.

लेखक गावातलाच असेल तर? तर पान खरं लिहा, सही शेजाऱ्याची करा.