पाना की पेन?

नव्या फ्लॅटची किल्ली हाती आली की मध्यमवर्गीय माणूस आधी वास्तुशांत उरकतो, मग ड्रिल मशीन घेतो. नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायला व्हिडिओ पाहून शिकतो, फरशीच्या फटींत व्हाइट सिमेंट भरतो, भिंतीची ओल पुट्टीखाली झाकतो. पडद्याच्या रॉडसाठी भोक पाडताना भिंतीतला पाइप फुटला, की प्लंबिंगचा पुढचा धडा आपोआप सुरू!

या स्वावलंबनाचं सर्वाधिक कौतुक बिल्डरला असतं. कारण २०१६च्या रेरा कायद्यानुसार, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत लक्षात आणून दिलेले बांधकामातले दोष त्याने ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचे असतात. तेव्हा रॉड खुशाल स्वतः लावा. गळतीसाठी मात्र पाना नको, पेन उचला आणि लेखी तक्रार करा.