थेंबशास्त्री

मिशिगन सरोवराच्या काठी, विशेषतः शिकागोत, ऑक्टोबर सरता सरता शिडाच्या बोटीचा मालक आपले मूळ रूप प्रकट करतो. उन्हाळ्यातील नाविक हा त्याचा केवळ पूर्वावतार होय; त्याचे खरे जीवनकार्य बोट पाण्याबाहेर निघाल्यावर सुरू होते आणि त्या कार्यातील एकमेव शत्रू म्हणजे ‘एक थेंब’. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, ही शालेय माहिती इतरेजन परीक्षेनंतर विसरतात. थेंबशास्त्री मात्र तिच्यावर आयुष्य उभारतो आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी इसमालाही ती ऐकवतो.

हिवाळ्यात बोटी ठेवण्याच्या यार्डाकडे निघालेल्या बोटीची डोलकाठी, म्हणजे शीड पेलणारा उंच खांब, अनेकदा उभीच असते. त्यामुळे शरदात ठरलेल्या दिवशी शिकागो नदीवरील पूल एकामागून एक उघडावे लागतात आणि मोटारींतील माणसे घड्याळाकडे पाहत खोळंबतात. ही मंडळी मानवंदनेसाठी थांबली आहेत, अशी थेंबशास्त्र्याची प्रामाणिक समजूत असते.

यार्डात क्रेनने डोलकाठी उतरवली जाते, कारण उभी ठेवल्यास हिवाळी वारा तिच्यासकट टेकूंवरची बोट हलवतो आणि तिच्या पोकळीत साचलेले पाणी गोठून ॲल्युमिनियम चिरू शकते. निजवलेली डोलकाठी मध्येच वाकू नये म्हणून तिला ठिकठिकाणी आधार दिले जातात. आतले दोर काढून बारीक सुतळी ओवून ठेवली जाते, जिला बांधून वसंतात दोर पुन्हा आत ओढता येतो. बुडाशी असलेले निचऱ्याचे भोक तारेने कोचून मोकळे केले जाते. मग थेंबशास्त्री भोकाला डोळा लावतो. थेंब दिसत नाही, म्हणजे तो लपला आहे. इंजिनात गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे गोठणबिंदू खाली आणणारा द्रव, फिरवून झाल्यावरही तो नळ्यांना कान लावून बसतो. घरात पेला उपडा घातला नाही तर व्याख्यान होते. लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून उत्तम प्रतीचा स्पंज आणल्याची उदाहरणेही या वर्गात आढळतात.

ताडपत्रीविषयी त्याचे दोन सिद्धांत आहेत: हवा खेळती ठेवावी, नाहीतर कोंडलेल्या ओलीने बुरशी धरते, आणि तिचे दोर टेकूंना कदापि बांधू नयेत, कारण वाऱ्याने ताडपत्री फुगली की टेकू निसटून बोट कलंडू शकते. दुसऱ्याच्या बोटीचे चुकीचे बांधलेले दोर पाहून तो मालकाला रात्री अकरा वाजता फोन करतो, आणि मालक तो उचलत नाही, यात नवल नाही.

तथापि एक नोंद राहते. जानेवारीत यार्डाच्या टोकाला, दोन हिवाळे ज्या बोटीचा मालक फिरकलेला नाही, तिच्यापाशी हा इसम बर्फ तुडवत जातो, फाटकी ताडपत्री सारखी करतो, दोर टेकूंपासून सोडवून बोटीच्या पोटाखालून बांधतो, आडव्या डोलकाठीचे भोक मोकळे करतो आणि परत येतो. याविषयी तो घरी, यार्डात किंवा लिफ्टमध्ये कोणालाही काही सांगत नाही. थेंबाबाबत त्याने मौन पाळल्याचे दुसरे उदाहरण उपलब्ध नाही.