धोकादायक इमारतींचा जिल्हा

आमचे साडू नगरपालिकेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं त्यांनी मुख्यतः एकच काम केलं. मे महिना आला की गावातली जुनी घरं हेरायची आणि त्यांच्यावर ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस डकवायची. त्यामुळे कुणाच्याही घरी गेले तरी ते आधी यजमानाकडे नव्हे, तुळईकडे बघतात. माझ्या मुलाच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते, तेव्हा हे कार्यालयाच्या छताला गेलेला तडा न्याहाळत होते. फोटोतही तसेच आले आहेत.

अशा माणसाला घेऊन इटलीला जायचं तर रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असा धोपटमार्ग धरावा. पण मेहुणीची मुलगी रोमला शिकते. तिने सुचवलं, गर्दी नको असेल तर व्हितेर्बो जिल्ह्यात जा. रोमच्या उत्तरेला, आगगाडीने दोनेक तास. शेतं, टेकड्या, तळी आणि टेकडीटेकडीवर गावं.

“पाहण्यासारखं काय आहे तिथे?” साडूंनी फोनवर विचारलं.

“खूप आहे, बाबा. पण सगळं जुनं. थोडी पडझड झालेलं.”

साडूंनी त्याच दिवशी तिकिटं काढली.

पहिल्या दिवशी व्हितेर्बोतला पोपचा वाडा. तेराव्या शतकात बरेच पोप रोमपेक्षा इथे राहणं पसंत करत. १२६८च्या नोव्हेंबरात चौथे क्लेमेंट इथेच वारले आणि नवा पोप निवडायला कार्डिनल मंडळी जमली. जमली ती जमलीच. फ्रेंच एकीकडे, इटालियन दुसरीकडे, एकमत होईना. महिने गेले, वर्ष गेलं. गावकरी मेटाकुटीला आले. शेवटी त्यांनी या थोर पाहुण्यांना वाड्यात कोंडलं, खाणं पाव-पाण्यावर आणलं आणि तरीही निकाल लागेना तेव्हा वर चढून चक्क छप्पर काढलं. १२७० सालच्या एका पत्रात कार्डिनलांनी मुक्कामाचं ठिकाण लिहिताना ‘छप्पर नसलेला राजवाडा’ अशी नोंद केली आहे. इतकं होऊनही दहावे ग्रेगरी निवडले गेले ते १२७१च्या सप्टेंबरात. तेही कार्डिनल नव्हतेच, शिवाय त्या वेळी पॅलेस्टाईनमधल्या एकर शहरात होते. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं एका खोलीत बसून या मंडळींनी जो माणूस निवडला, तो त्या खोलीतच नव्हता.

पोपच्या निवडणुकीला ‘कॉन्क्लेव्ह’ म्हणतात, त्या शब्दात लॅटिनमधली किल्ली आहे. ग्रेगरींनी १२७४ साली नियमच केला की कार्डिनलांना कोंडून ठेवायचं आणि उशीर झाला की जेवण कमी करत न्यायचं. गावकऱ्यांनी वैतागून जे केलं, त्याचा पुढे कायदा झाला.

साडूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “छप्पर काढायला परवानगी कुणाची घेतली होती?”

मी म्हटलं, पुढे ऐका. १२७७ साली एकविसावे जॉन पोप होते. मोठे विद्वान. त्यांनी याच वाड्यात अभ्यासासाठी नवी खोली बांधून घेतली. एक दिवस तिचं छत अंगावर कोसळलं आणि काही दिवसांत ते गेले.

साडूंच्या चेहऱ्यावर दुःख आणि समाधान एकदमच आलं. “बघा! एकदा काढलेलं छप्पर पहिल्यासारखं बसत नाही.”

“अहो, ते छत वेगळं. नव्या बांधकामाचं.”

“नवं बांधकाम तर त्याहून वाईट,” असं म्हणून ते सज्जाच्या कमानींकडे वळले.

संध्याकाळी सांता रोझाच्या मिरवणुकीची छायाचित्रं पाहिली. दर ३ सप्टेंबरला रात्री गावातले दिवे मालवतात आणि सुमारे तीस मीटर उंचीचा, पाच टन वजनाचा, उजळलेला मनोरा शंभरेक माणसं खांद्यावर घेऊन अरुंद गल्ल्यांतून निघतात. वर संत रोझाची मूर्ती. हे खांदेकरी पांढऱ्या कपड्यांत, कमरेला लाल पट्टा. त्यांना ‘फाकीनी’ म्हणतात, म्हणजे सरळ आपले हमाल. पण गावात या हमालांना जो मान आहे तो महापौराला नसेल. २०१३ साली युनेस्कोनेही या परंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली. पालखीला खांदा द्यायला मिळावा म्हणून धडपडणारी माणसं आम्ही पाहिलेली, त्यामुळे आम्हा तिघांना गहिवरून आलं. साडू मात्र फोटोतला मनोरा आणि बाजूच्या घरांच्या पागोळ्या यांच्यातलं अंतर बोटांनी मोजत होते. “दहा मजली इमारत चालायला लागली तर स्ट्रक्चरल ऑडिट कुणी करायचं?”

दुसरा दिवस रविवार. बोमार्त्सोला जायचं होतं. थांब्यावरच्या वेळापत्रकात ‘फेरिआले’ या शब्दाखाली बसच्या भरपूर वेळा होत्या.

“फेरी आली!” साडू हर्षभरित झाले. “अहो, लॅटिन आणि संस्कृत सख्ख्या बहिणी. अर्थ तोंडावर लिहिलाय.”

आम्ही नऊपासून साडेदहापर्यंत उभे होतो. शेवटी समोरच्या कॉफीच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला आमची दया आली. त्याने दोन्ही हात जोडून डोक्याखाली घेतले, डोळे मिटले आणि घोरून दाखवलं. मग भाचीला फोन केला. ‘फेरिआले’ म्हणजे कामाचे वार. रविवारच्या वेळा ‘फेस्तिव्हो’ खाली. तो रकाना आम्ही पाहिला होता. नवं कोरं लुगडं असावं तसा स्वच्छ होता. साडूंची व्युत्पत्ती तशी चुकली नव्हती. फेरी आली असती, फक्त सोमवारी.

रविवार मग जेवणात घालवला. मोबाईल खाद्यपदार्थांच्या यादीवर धरला की मराठी भाषांतर येतं, ही सोय मेहुणीने शोधून काढलेली. तिने पहिलं नाव वाचलं, “शिजवलेलं पाणी.” दुसरं वाचून यादी मिटली. “गांडुळं.”

यंत्राचं फारसं चुकलं नव्हतं. ‘आक्वाकोत्ता’चा शब्दशः अर्थ तोच. गुराखी-मेंढपाळ रानातली पालेभाजी, कांदा, बटाटा असं जे मिळेल ते पाण्यात उकळायचे आणि शिळ्या पावावर ओतायचे. ‘लोंब्रिकेल्ली’ म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया, गांडुळासारख्या दिसतात म्हणून हे नाव. पहिला घास घेऊन बायको म्हणाली, “अगं, हा तर कुस्करा!” आणि दोघी बहिणी शिळ्या भाकरीच्या आठवणींत इतक्या रमल्या, की परक्या देशात पैसे मोजून शिळंच खातोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोबत मोन्तेफियास्कोनेची प्रसिद्ध वाईन आली. तिचं नाव ‘एस्त! एस्त!! एस्त!!!’ उद्गारचिन्हांसकट. दंतकथा अशी, की ११११ साली एक जर्मन बिशप रोमला निघाला. त्याने नोकराला पुढे पाठवलं : जिथे वाईन चांगली असेल त्या खानावळीच्या दारावर ‘एस्त’ लिही, म्हणजे ‘आहे’. मोन्तेफियास्कोनेला नोकराने तीनदा लिहिलं. आहे! आहे!! आहे!!! बिशप तिथे थांबला, पीत राहिला आणि वारला. सान फ्लाव्हियानोच्या चर्चमध्ये त्याची म्हणून दाखवतात ती थडग्याची शिळा आहे. जगात इतक्या लोकांनी यात्रा अर्धवट सोडल्या असतील, पण त्याबद्दल बाटलीवर अमर झालेला हाच एक.

सोमवारी फेरी आली.

बोमार्त्सोला व्हिचिनो ओर्सिनी या सरदाराने सोळाव्या शतकाच्या मध्यावर रानातल्या खडकांतून अक्राळविक्राळ शिल्पं कोरून घेतली. हत्ती, राक्षस, महाकाय कासव. त्याच्या मागे रानाने ती गिळून टाकली होती. १९४८ साली चित्रकार साल्वादोर दाली येऊन गेला आणि जगाला पुन्हा त्यांची आठवण झाली. या बागेत एक दुमजली घर आहे, मुद्दाम तिरकं बांधलेलं. आत शिरलं की पोटात ढवळतं, जमीन एकीकडे ओढते आणि डोळे दुसरीकडे. आम्ही भिंत धरधरून बाहेर आलो. साडू आतच होते. बघतो तर त्यांनी बुटाची नाडी काढून तिला किल्ल्यांचा जुडगा बांधला होता आणि त्या ओळंब्याने भिंतीचा कल मोजत होते.

“मुद्दाम?” त्यांनी मला तीनदा विचारलं. “मुद्दाम वाकडं बांधलं? आमच्या हद्दीत न ठरवता व्हायचं.”

खरी गंमत पुढे. तिथे एका राक्षसाचं आ वासलेलं तोंड आहे. माणूस उभ्याने आत जाईल एवढं, आणि आत दगडी टेबल. आत कुजबुजलेलं बाहेर खणखणीत ऐकू येतं, अशी त्याची ख्याती. दोघी बहिणींना ती ठाऊक नव्हती. त्या आत सावलीला टेकल्या, आम्ही पायऱ्यांखाली उभे.

“कशी राहतेस गं तू?” राक्षस माझ्या बायकोच्या आवाजात म्हणाला. “उठता बसता आपलं छत नि तडे.”

साडू माझ्याकडे बघेनात.

“परवडलं,” राक्षस आता मेहुणीच्या आवाजात बोलू लागला. “हे बोलून मोकळे होतात. तुझे सगळं लिहून काढतात.”

“छापतं कोण?”

“दिवाळी अंकवाले. पैसे मागत नाहीत ना!”

मग राक्षस बराच वेळ खो-खो हसला. आम्ही दोघं त्याच्या दातांकडे बघत राहिलो. “दात मजबूत आहेत,” अखेर साडू म्हणाले.

तार्क्विनियाला एट्रुस्कन लोकांची थडगी पाहिली. टेकडीच्या पोटात हजारो, त्यांतली दोनेकशे रंगवलेली. अरुंद जिन्याने खाली उतरायचं, बटण दाबायचं, काचेपलीकडे दिवा लागतो. चित्रांत सगळे मजेत : मेजवान्या, बासऱ्या, नाच. बायका पुरुषांच्या बरोबरीने पंगतीला रेललेल्या. दिवा विझला की पुन्हा बटण. या लोकांनी राहायची घरं बरीचशी लाकूड-मातीची बांधली, ती गेली. मेल्यानंतरची खडकात कोरली, ती अडीच हजार वर्षं शाबूत. “पाया महत्त्वाचा,” साडू अंधारातून म्हणाले. जिल्ह्यात त्यांना पसंत पडलेलं हे पहिलं बांधकाम, आणि त्यात राहायची अट जरा कडक होती.

चिव्हिता दि बान्योरेजो शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं. दरीच्या मधोमध एक सुळका, त्यावर गाव, आणि गावात जायला फक्त तीनेकशे मीटरचा पादचारी पूल. वरचा खडक ज्वालामुखीच्या राखेचा, खालची माती चिकणी. पाऊस आणि ओढे चिकणमाती खातात, वरचा खडक निराधार होतो आणि घरासकट दरीत जातो. संत बोनाव्हेंचर लहानपणी ज्या घरात राहिले, तेही असंच गेलं. १६९५च्या भूकंपानंतर बहुतेक लोक पलीकडच्या बान्योरेजोत उतरले. तिथल्याच बोनाव्हेंतुरा तेक्की या लेखकाने या गावाला ‘मरणारं गाव’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. आता कायम राहणारी माणसं जेमतेम डझनभर. मांजरं जास्त.

पुलापाशी तिकीट घेतात. २०१३ साली दीड युरोपासून सुरुवात झाली, आता पाच. गाव मरतंय हे बघायला वर्षाला लाखो माणसं येतात, आणि त्या पैशांतून बान्योरेजोकरांना पालिकेचे कर माफ झाले. हे ऐकून साडू पुलाच्या मध्यावर थबकले. धोकादायक इमारतीमुळे घरपट्टी माफ! बत्तीस वर्षांत हा विचार त्यांच्या खात्यात कुणाला सुचला नव्हता.

गावात एका जुन्या हवेलीची फक्त दर्शनी भिंत उरली आहे. दार आहे, खिडक्या आहेत, खिडक्यांत आकाश आहे. मागचं घर दरीत गेलंय. साडू तिच्यासमोर उभे राहिले. मी वाट पाहत होतो, आता किल्ल्या निघणार. त्यांनी नुसता भिंतीवर तळवा टेकवला.

“आमच्याकडे एक म्हातारी होती,” ते म्हणाले. “वाड्यात एकटीच. नोटीस लावायला गेलो तर म्हणाली, साहेब, पडायचं तर पडेल, पण त्याच्या तोंडावर लिहू नका. मी लिहिलं. पोलीस बोलावून तिला बाहेर काढली. दुसऱ्याच पावसाळ्यात वाडा बसला, रात्रीचा.”

“म्हणजे तुमचंच बरोबर होतं.”

“हो ना,” साडू म्हणाले. “पण पुढे दिसली की बाई रस्ता बदलायची.”

शेजारच्या जिन्यावर कुणीतरी कुंड्या मांडल्या होत्या. जिना दरीपासून हाताच्या अंतरावर, आणि कुंड्यांना ताजं पाणी घातलेलं. साडूंनी एक कलंडलेली कुंडी सरळ केली आणि आम्ही परत पूल उतरलो.

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा होती, गच्चीवरच्या पत्र्याखाली. साडू आमच्याकडे आले होते, तेही येऊन बसले. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नव्हतं. पहिला मजला तिसऱ्याचं नाव सुचवी, तिसरा पहिल्याचं. चहा दोनदा झाला, बटाटेवडे संपले, तीन तास उलटले. मी साडूंकडे पाहिलं. ते मान वर करून पत्र्यांकडे बघत होते. यात नवल काहीच नव्हतं.

मग ते माझ्या कानाशी आले. “घरात दहा नंबरचा पाना आहे का?”