विकासाला आलेला मुलगा

पुण्याहून झेलम एक्सप्रेसने झाशीला उतरणारा हा स्वयंसेवक लांबूनच ओळखू येतो. कुर्ता खादीचा, पण कडक इस्त्रीचा. खांद्यावर झोळी, तिच्यात लॅपटॉप, ओआरएसची पाकिटं आणि आईने दिलेला मेतकुटाचा डबा. नर्मदा ओलांडली की त्याच्या लेखी परदेश सुरू होतो. बुंदेलखंडातल्या बायकांना त्याला उद्योग शिकवायचा आहे. त्याआधी स्वतः शिकायचं आहे, आणि ते प्रशिक्षण काही केल्या संपत नाही.

राहायला तो एका जुन्या मराठी घरात. झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या काळात अशी घराणी इकडे आली आणि इथलीच झाली. 1842 मध्ये लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं ते गणेश मंदिर अजून आहे. घरमालकीण काकूंचं मराठी बुंदेली हेल काढतं, पण मुद्दा सोडत नाही. ‘‘पोहे निवतायत. आधी ते खा, मग विकास कर.’’

सकाळच्या सत्रात गावाचा नकाशा. जमिनीवर रांगोळीने हा मन लावून निळी विहीर काढतो, हिरवी शेतं भरतो. गावातली एक बाई कडेला उभी राहून बघते आणि पायाने निळा रंग पुसून टाकते. विहीर कधीच आटलेली. दुपारी नाट्यीकरण. सावकाराची भूमिका याला मिळते, आणि हा ‘‘कृपया व्याज देता का?’’ असं विचारतो. मग बचत गटाची अध्यक्षा पदर खोचून सावकार होते. तिला अभिनय करावाच लागत नाही. खरा सावकार तिने वर्षानुवर्षं पाहिलेला असतो. पाच मिनिटांत हाच कर्जबाजारी होऊन बसतो.

त्याचा दोष तरी काय म्हणा! 1961 साली अमेरिकेची पीस कॉर्प्सची पोरं भारतात आली, तीही अशीच उत्साहाने कोंबड्या पाळायला शिकवत हिंडली. शिकवायला येणाऱ्याला समोरच्याचं शिक्षण दिसायला जरा वेळच लागतो. इथे तर बायकांच्याच मालकीची बलिनी दूध कंपनी 2019 पासून उभी आहे. फॅट किती लागलं, भाव काय बसला, पैसे खात्यात पडले का, हे त्या चुलीपुढे बसून तोंडी सांगतात. हा ‘व्हॅल्यू चेन’चा तक्ता रंगवत असतो तेव्हा एखादी हळूच विचारते, ‘‘भइया, भैंस कहाँ बनाई है?’’ म्हैस राहूनच गेलेली असते.

झाशीचं सरकारमान्य ‘एक जनपद, एक उत्पाद’ म्हणजे कापडी खेळणी. त्यामुळे बाजारपेठेच्या अभ्यासासाठी तो अस्वलं विकत घेतो, दरवेळी सांगितलेल्या भावाने. खोलीत आता काकूंना झाडू फिरवायलाही जागा उरलेली नाही.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एका व्यवसायाचा ताळेबंद मांडायचा असतो. गटाच्या बायका याचाच मांडतात: मानधन इतकं, काकूंना इतकं, पोटाच्या औषधांना इतकं, रिक्षाला इतकं, अस्वलांना इतकं. अध्यक्षा खाली रेघ मारते, बेरीज दोनदा तपासते आणि वही त्याच्यापुढे सरकवते.

‘‘भइया, तुम तो घाटे में चल रए हो. हमाए समूह से कर्जा ले लो. ब्याज कम लगा देंगे.’’